लाड भरपूर, मान कमी : बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाला मदत करताना

वय छत्तीस, तरी घरात हाक ‘बाळा’. केस आई विंचरते, शर्ट आई काढून ठेवते, ताटात किती वाढायचं ते आई ठरवते. आलेल्या पाहुण्याने ‘काय रे, जेवलास का?’ असं विचारलं तर उत्तरही आईच देते. प्रेमात कुठे कमी नाही. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्या माणसाने स्वतः ठरवलेली गोष्ट शोधायला जावं, तर एक सापडत नाही. अठरा वर्षांवरच्या विशेष व्यक्तींच्या कार्यशाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि अशी घरं मला सर्रास दिसतात. लाडाने मान भरून निघत नाही, असं म्हटलं की पालक दुखावतात. म्हणून हल्ली मी म्हणत बसत नाही, काय करायचं तेवढं दाखवते. तेच इथे लिहिलं आहे.

आपल्याकडच्या विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपतात. पुढे काहींना कार्यशाळेत जागा मिळते, बाकीचे घरी बसतात. लहान मुलांच्या थेरपीबद्दल मराठीत आता बरंच वाचायला मिळतं, त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल फारच कमी. हा लेख त्या वर्षांसाठी आहे. आईवडील, भाऊ-वहिनी, सांभाळायला येणाऱ्या मावशी, शेजारी, ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या सगळ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी यांची एकत्र मोट बांधू नका. बौद्धिक अक्षमतेत समजायला-शिकायला जड जातं, ऑटिझममध्ये इतरांशी संवाद साधणं आणि आवाज-स्पर्श जाणवणं वेगळं असतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येकांची बुद्धी अगदी तल्लख असते, अडतं ते स्नायूंचं. त्यांच्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलणारे लोक त्यांचा रोज अपमान करत असतात आणि ते त्यांच्या गावीही नसतं.

पहिल्यांदा आठवडाभर नुसतं बघा

काही बदलायच्या आधी एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात दिवसभरातली कामं लिहा: दात घासणं, आंघोळ, कपडे, नाश्ता, टीव्ही, झोप. दुसऱ्यात ते काम कोणी केलं. तिसऱ्यात ते कोणी ठरवलं. तिसरा रकाना भरताना बहुतेक घरांत हात थबकतो.

दुसऱ्या रकान्यातही गंमत दिसेल. शर्टाची बटणं त्याला लावता येतात, पण त्याला पाच मिनिटं लागतात आणि तुम्हाला अर्धं. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, डबे, बस, या गडबडीत कोण थांबणार? तेव्हा सकाळची वेळ सोडून द्या. बटणं संध्याकाळी लावू देत, रविवारी लावू देत. आठवड्याच्या शेवटी वहीतून एकच गोष्ट निवडा. दहा नको. आणि ती तुमच्या सोयीची नको, त्याला जिच्यात गोडी आहे ती हवी. एखाद्याला दाढी स्वतः करायची असते आणि आपण त्याला अंथरुणाच्या घड्या घालायला शिकवत बसतो. मग म्हणतो, शिकतच नाही.

विचारायचं कसं

हे सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत जास्त इथेच चुकतं.

समोर या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, नाव घ्या. पाठीमागून किंवा स्वयंपाकघरातून ओरडून विचारलेला प्रश्न बऱ्याच जणांपर्यंत पोहोचतच नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारा. ‘आंघोळ कर, मग नाश्ता कर आणि जाताना तो टॉवेल वाळत टाक’ यातलं शेवटचं तेवढं लक्षात राहतं, म्हणून तो कोरडा टॉवेल घेऊन गॅलरीत जातो आणि आपण हसतो.

विचारून झालं की थांबा. मनात सावकाश दहा आकडे मोजा. आपल्या घरांत कुणालाच एवढी शांतता सहन होत नाही. तिसऱ्या आकड्याला आत्या म्हणते, ‘अरे सांग ना!’ आणि चौथ्याला बाबा उत्तर देऊन टाकतात. ऐकलेलं समजायला आणि उत्तर जुळवायला त्याला वेळ लागतो. मध्ये तोंड घातलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

‘चहा हवा ना?’ असं विचारू नका. वर्षानुवर्षं ‘हो’ म्हटल्यावरच शाबासकी मिळालेली माणसं कशालाही ‘हो’ म्हणतात. दोन गोष्टी समोर ठेवून विचारा, ‘पोहे की उपमा?’ आणि शक्य तर दोन्ही डबे दाखवा. तो ‘उपमा’ म्हणाला की थोड्या वेळाने उलटं विचारा, ‘उपमा की पोहे?’ आता ‘पोहे’ म्हणाला, तर तो निवडत नाहीये, शेवटचा शब्द परत म्हणतोय. अशा वेळी शब्द बाजूला ठेवा आणि वस्तू किंवा फोटो वापरा. न बोलणाऱ्या माणसाचंही उत्तर असतंच. नजर एका वाटीवर रेंगाळते, हात पुढे येतो, तोंड फिरवलं जातं. तोंड फिरवणं हे पूर्ण उत्तर आहे. त्यानंतर तोच घास भरवायचा नाही.

विचारलं, तर ऐकायचं. लग्नाला कुडताच घालायचा असं तुम्ही ठरवलंच असेल, तर ‘काय घालतोस?’ हा प्रश्न विचारूच नका. दोन कुडते दाखवा आणि त्यातला निवडू द्या. पण घरच्या घरी त्याने हिरव्या पँटवर लाल टी-शर्ट घातला, तर घालू दे. बाकीच्यांनी काय कमी विचित्र कपडे घातलेत? गॅस, रस्त्यावरची रहदारी, औषधं, पाणी अशा जिवाच्या गोष्टींत तुम्ही नाही म्हणा, ठामपणे म्हणा आणि कारण सांगा. बाकी जेवढं सोडता येईल तेवढं सोडा.

हाकेचंही बघा. घरातली लहान मुलं बाकी मोठ्यांना दादा, काका, आत्या म्हणतात आणि यालाच नावाने, तेही ‘सोनू’ म्हणून. दादा असेल तर त्याला दादाच म्हणू देत. भाचरांना एकदा सांगितलं की ती सहज म्हणतात, अडखळतात ते मोठे.

शिकवायचं कसं : चहा

एखादं काम ‘येत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्या कामातल्या दोन-तीन जागा येत नसतात. त्या सापडण्यासाठी कामाचे तुकडे पाडावे लागतात. चहा घेऊ. पातेलं काढणं, कपाने पाणी मोजणं, पातेलं शेगडीवर ठेवणं, बटण दाबणं, साखर, चहा पावडर, उकळी ओळखणं, दूध, दुसरी उकळी, बटण बंद, गाळणी कपावर ठेवणं, ओतणं, कप नेऊन देणं. कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकापुढे खूण करा: येतं, थोड्या मदतीने येतं, येत नाही.

शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. पहिल्या दिवसांत बाकी सगळं तुम्ही करा, भरलेला कप बाबांना नेऊन देण्याचं काम त्याचं. ‘चहा कोणी आणला?’ ‘मी.’ पहिल्याच दिवशी काम पूर्ण केल्याचं समाधान त्याच्या वाट्याला येतं. कप नेणं पक्कं झालं की ओतणंही त्याच्याकडे द्या, मग बटण बंद करणं, असं मागे मागे सरकत जा. सुरुवातीकडून शिकवलं की तो पाणी मोजतो, मग तुम्ही ‘हं, सरक आता’ म्हणून पुढचं करता आणि त्याच्या हाती अर्धवट कामच राहतं.

मदतीलाही क्रम आहे. आधी काहीच करू नका, थांबा. अडला तर बोट दाखवा. तरी अडला तर एक शब्द बोला: ‘गाळणी.’ मग शेजारी उभं राहून स्वतः करून दाखवा. हातावर हात ठेवून करून घेणं सगळ्यांत शेवटी, तेही ‘हात धरू का?’ असं विचारून. आपण नेमके उलट जातो, पहिल्याच क्षणी हात धरतो.

गॅसची भीती वाटत असेल तर इंडक्शनची शेगडी घ्या, तिला ज्वाळा नसते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ठरावीक वेळाने बंद व्हायची सोय असते. पातेल्यावर आतून पाण्याची खूण करता येते. एक आई साखरेचा चमचा डब्याला दोरीने बांधून ठेवते, म्हणजे मोठा चमचा हाती लागत नाही. भिंतीवर पायऱ्यांचे फोटो लावायचे असतील तर त्याच्याच ओट्याचे, त्याच्याच पातेल्याचे मोबाईलवर काढा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणा. इंटरनेटवरच्या कार्टूनमधली किटली त्याच्या घरात नाही.

चहा झाला की टाळ्या वाजवू नका. पस्तिशीच्या माणसाला ‘अले वा, छान छान’ म्हणणं म्हणजे त्याची टिंगलच. ‘चहा मस्त झालाय, आलं जरा जास्त पडलं’ असं म्हणा, वहिनीला म्हटलं असतं तसं.

अंग, कपडे, दार

या भागावर बोलायला घरं कचरतात, आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं.

सुरुवात दारापासून. त्याच्या खोलीत, बाथरूममध्ये शिरताना टकटक करा. खोली वेगळी नसेल, आणि दोन खोल्यांच्या घरात कुठून असणार, तर पडदा लावा किंवा कपाटाचं दार आडोशाला धरा. पाहुण्यांसमोर हॉलमध्ये कपडे बदलायची सवय लहानपणी चालून जाते. विसाव्या वर्षी तीच सवय ‘याला लाजच नाही’ म्हणून त्याच्या अंगावर येते. लाज शिकवायची जबाबदारी आपली होती.

आंघोळीला मदत लागत असेल तर शक्यतो पुरुषाला पुरुषाने, बाईला बाईने मदत करावी. घरात आईच एकटी असेल तर निदान एवढं करा: त्याला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवा, कमरेला पंचा असू दे, पाठ आणि पाय तुम्ही चोळा, बाकी साबण त्याच्या हातात द्या. काय करणार ते आधी बोला: ‘आता पाठीवर पाणी ओततेय.’ न बोलता अचानक ओतलेल्या तांब्याने कोणीही दचकेल. शरीराच्या अवयवांची नावं सरळ शिकवा. टोपणनावं शिकवली तर उद्या डॉक्टरांना किंवा पोलिसांना काय झालं ते त्याला सांगता येणार नाही.

मुलींची पाळी. ती यायच्या आधीपासून तयारी करा. आईने किंवा मोठ्या बहिणीने पॅड कसं लावायचं ते दाखवावं, पॅडवर थोडा लाल रंग टाकून बदलायचा सराव करून घ्यावा, कॅलेंडरवर खूण करावी, लागणाऱ्या वस्तूंचा एक ठरलेला डबा ठेवावा. वेळ लागतो, पण पुष्कळजणी शिकतात. ‘हिला जमणारच नाही’ असं धरून चाललं की गोष्टी कुठवर जातात ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1994 साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. आज 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. तरीही ‘पिशवी काढून टाकू का?’ हा प्रश्न पालक अजून दबक्या आवाजात विचारतात. त्यांची भीती मला समजते. पण पिशवी काढून अत्याचार टळत नाही, फक्त गर्भ राहात नाही, म्हणजे अत्याचार झाल्याचं कळायची एक वाटही बंद होते.

हस्तमैथुन. होय, तोही. वयात आलेल्या शरीराला इच्छा असते, बुद्ध्यांक कितीही असो. मारून, चटके देऊन, देवाची भीती घालून ती जात नाही. शिकवायची ती जागा: ‘हे आपल्या खोलीत, दार लावून. हॉलमध्ये नाही, बसमध्ये नाही.’ चेहऱ्यावर राग न आणता, पुन्हा पुन्हा, त्याच शब्दांत सांगा.

आता सुरक्षिततेचं. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढं इथे पुरत नाही, कारण या माणसांच्या अंगाला मदतीच्या निमित्ताने अनेक जण हात लावतात. त्यापेक्षा यादी ठरवा: आंघोळीला कोण, कपड्यांना कोण, औषधाला कोण. यादीबाहेरच्याला ‘नाही’ म्हणायचं. पण हे ‘नाही’ ऐनवेळी तोंडातून निघत नसतं, त्याचा रोजचा सराव हवा. ‘काकांना पापी दे’, ‘शहाण्यासारखं ऐक’, ‘सांगितलं ना, खा’ असं आयुष्यभर ऐकलेली मुलगी त्या दिवशीही ऐकतेच. उपम्याला नाही म्हणता येणं आणि अंगचटीला येणाऱ्याला नाही म्हणता येणं, यांचा शाळेचा वर्ग एकच आहे. निवडीबद्दल मी एवढी हट्टी आहे ती यासाठी.

काही घडल्याचा संशय आला तर आधी विश्वास ठेवा. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, सरकारी रुग्णालयात न्या. लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवताना बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचं म्हणणं पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत घ्यायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं, अशी कायद्यात तरतूद आहे. पोलीस ठाण्यातल्या बाकावर तिला तासन्‌तास बसवून ठेवू देऊ नका. वय 18 च्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो.

चिडतो, मारतो, डोकं आपटतो

‘अचानक हिंसक झालाय हो’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, पोट साफ होतंय का? दुसरा, दात कधी दाखवले होते? दुखतंय हे सांगता येत नसेल तर माणूस गालावर बुक्क्या मारतो, भिंतीवर डोकं आपटतो. दाढ, कान, बद्धकोष्ठता, पित्त, पाळीच्या आधीची पोटदुखी, नवीन सुरू झालेलं किंवा डोस बदललेलं औषध, हे सगळं आधी तपासा. मानसोपचाराच्या गोळीचा विचार त्यानंतर.

दुखणं नसेल तर पुन्हा वही काढा. चिडण्याच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. दोन आठवड्यांत बहुधा काहीतरी लक्षात येतं. आरडाओरडा फक्त मिक्सर लागल्यावर होतो, किंवा कार्यशाळेची गाडी उशिरा आली की, किंवा एक विशिष्ट पाहुणा आला की. शेवटची शक्यता फार गांभीर्याने घ्या.

ऑटिझम असलेल्या अनेकांना आवाज अक्षरशः टोचतो. गणपतीत ढोल-ताशे आणि डीजे, दिवाळीत फटाके. मिरवणूक कधी येणार ते आधी सांगा, कानावर बसणारे हेडफोन द्या, घरातली सगळ्यांत आतली खोली मोकळी ठेवा. त्याला आरतीला थांबायचं असेल तर दाराजवळ उभं करा, म्हणजे हवं तेव्हा बाहेर पडता येईल.

कोंडून ठेवणं, बांधणं, जेवण बंद करणं यातलं काहीही चालणार नाही. इथे मधला मार्ग नाही.

फिट येत असतील तर घरातल्या प्रत्येकाला, मोलकरणीलासुद्धा, हे माहीत हवं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, तोंडात चमचा घालू नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय ते सगळ्यांना ठाऊक असू दे. झटके पाच मिनिटांच्या वर गेले किंवा शुद्ध यायच्या आत पुन्हा आले, तर लगेच रुग्णालय.

डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असेल तर थायरॉइडची तपासणी दर वर्षी करा. सुस्ती, वजन वाढणं, कशातच रस नसणं याला ‘आळशी झालाय’ म्हणून मोकळे होऊ नका. चाळिशीनंतर येत असलेली कामं विसरायला लागला, रोजच्या वाटेवर घोटाळला, तर डॉक्टरांना दाखवा. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर इतरांपेक्षा बराच लवकर येऊ शकतो.

चारचौघांत

डॉक्टर, दुकानदार, नातेवाईक, सगळे प्रश्न आईला विचारतात. ‘याला काय होतंय?’ यावर एक वाक्य तोंडपाठ करून ठेवा: ‘त्यालाच विचारा ना, अडलं तर मी सांगते.’ भांडणाच्या सुरात नको, सहज म्हणा. बहुतेक लोक दुसऱ्या वेळेपासून आपणहून त्याच्याकडे वळतात.

त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलायचं नाही. ‘आमच्यानंतर याचं कसं होणार’ हा विषय त्याच्या उशाशी बसून काढला जातो, जणू तो खोलीत नाही. त्याला कळतं. शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो.

रस्त्यावर, समारंभात कोणी मुद्दाम टर उडवली, ‘येडा’ म्हणून हिणवलं, तर 2016 च्या त्या कायद्याच्या कलम 92 मध्ये शिक्षा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रत्येक वेळी पोलीस ठाणं गाठा असं म्हणत नाही. पण सोसायटीच्या बैठकीत हे कलम एकदा वाचून दाखवायला हरकत नाही, चांगला उपयोग होतो.

आणि आपल्या वाढदिवसाला कार्यशाळेत केक घेऊन येणारे. तुमचा हेतू चांगला असतो, मान्य. पण काम चाललेलं असताना येऊन, चाळीस वर्षांच्या माणसाच्या हातात केळं आणि बिस्किटाचा पुडा ठेवून, त्याला न विचारता फोटो काढून तो स्टेटसला टाकणं याला भेट म्हणत नाहीत. यायचंच असेल तर फोन करून या, कामाला बसा, पणत्या रंगवा. नाही जमलं तर ते तुम्हाला शिकवतील, आणि ती मजा काही वेगळीच असते.

काम आणि पैसे

पणत्या, उटणं, आकाशकंदील, राख्या, कागदी पिशव्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक कार्यशाळांचं वर्ष या क्रमाने फिरतं. मुंबईत शिवडीला 1944 पासून जय वकील संस्था आहे, मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज आहे, जिथे प्रौढ माणसं राहतातही. जागा कमी आणि प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून अठरावं लागण्याची वाट न बघता चौकशी सुरू करा. कार्यशाळा नसलेल्या गावात किराणा दुकानात पुड्या बांधणं, नर्सरीत पिशव्या भरणं, इस्त्रीवाल्याकडे कपडे मोजणं अशी कामं ओळखीतून मिळतात.

मानधन थोडं असलं तरी त्याच्या हातात द्या. पाकीट, सही किंवा अंगठा, मग त्याने ते खिशात घालायचं. पालक गेटवरच हात पुढे करतात, ‘दे इकडे, हरवशील.’ हरवू दे एकदा. त्यातले थोडे त्याच्याकडे राहू देत आणि गाडीवर वडापाव त्यालाच मागू दे. मोजता येत नसेल तर वडापावच्या किमतीएवढ्या नोटांची छोटी छोटी पाकिटं करून ठेवा: एक पाकीट, एक वडापाव. गाडीवाल्याला आधी सांगून ठेवलं की तोही त्याच्याशी बोलतो, ‘तिखट चटणी टाकू का, दादा?’

कागदपत्रं

हे भराभर सांगते. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) घ्या. किमान 40 टक्के नोंद असेल तर बहुतेक योजना आणि प्रवासातल्या सवलती मिळतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास ही केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली. तिच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्याआधी तपासण्या लागत नाहीत आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. उत्पन्न कमी असेल तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. आईवडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाची नोंद स्वतःच्या हयातीत करून घ्या, मागाहून भावंडांची फार धावपळ होते.

मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहात नाहीत. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. तो करण्याआधी विचार करा, कशासाठी हवंय? बँकेचं एक खातं एवढंच कारण असेल तर आधी बँकेशी बोला. पालकत्व मिळालं तरी तो मालकी हक्क नव्हे. त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दर वर्षीचा हिशोब समितीला द्यावा लागतो, आणि हेळसांड झाली तर समिती पालक बदलू शकते.

माहितीची वही आणि पहिला मुक्काम

शेवटचं काम, आणि ते आजच सुरू करण्यासारखं. एक जाड वही घ्या. आई आजारी पडली, मावशी गावाला गेल्या, तर नवीन माणसाला पहिल्या दिवशी काय माहीत हवं ते तिच्यात लिहा. औषधं आणि फिटची माहिती पहिल्या पानावर. पुढे तो हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो, दुखलं तर काय करतो, कशाला घाबरतो, काय खाताना ठसका लागतो, झोपताना कुठला दिवा लागतो, कोणाशी फोनवर बोलायला आवडतं. एका आईने लिहिलं होतं, ‘भात आणि आमटी एकत्र कालवलेली चालत नाही, त्याला स्वतः कालवायची असते.’ हे एक वाक्य अनोळखी माणसाला पानभर निदानापेक्षा उपयोगी पडतं. वही त्याच्या शेजारी बसून लिहा, त्याने निवडलेले फोटो चिकटवा. त्याला जे कोणाला दाखवायचं नसेल ते त्यात नको.

मग वही घेऊन त्याला बाहेर राहायला पाठवा, तुम्ही धडधाकट असताना. आईच्या निधनानंतर तिसऱ्या दिवशी परक्या खाटेवर झोपायची वेळ येणं फार वाईट. आधी मावशीकडे दोन रात्री, मग एखाद्या संस्थेच्या अल्पमुदतीच्या निवासात आठवडाभर. बॅग त्यालाच भरू द्या, फोटो बघून: चार शर्ट, चार पँट, ब्रश, टॉवेल, आवडती उशी. परत आला की विचारा, पुन्हा जायचंय का? नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडू नका. जेवण, बाथरूमची कडी, शेजारच्या खाटेवरचं घोरणं, संडासातला अंधार, एकेक गोष्ट फोटो दाखवून विचारा. सापडेल ते वहीत लिहा आणि पुढच्या वेळी जाण्याआधी तिथल्या लोकांशी बोलून घ्या.